चार पेन्सिल सेलांचा हिशेब

पत्त्यांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करण्यासाठी नेमलेला एक तरुण अभियंता पुढे जगभरातील कोट्यवधी मुलांच्या खिशात जाऊन बसेल, असे १९६५ साली क्योटो शहरात कुणाच्या स्वप्नातही आले नसेल. गुनपेई योकोई हे त्या अभियंत्याचे नाव. व्हिडिओ गेम खेळताना डाव्या अंगठ्याखाली येणारे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण ही त्यांचीच देणगी. परंतु त्यांचे खरे मोठेपण त्या बटणापेक्षा एका साध्या हिशेबात आहे. हातात धरून खेळण्याच्या यंत्रावर चित्र किती देखणे असावे आणि त्या देखणेपणासाठी बॅटरीने किती किंमत मोजावी, याचा तो हिशेब. तो त्यांनी आयुष्यभर मांडला. एकदा तो इतका अचूक ठरला, की धनाढ्य प्रतिस्पर्धी मागे पडले. आणि एकदा साफ चुकला.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटोत झाला. तेथीलच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. बरोबरीचे विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक्सच्या नामांकित कंपन्यांत रुजू झाले. योकोई यांना तेथे जागा मिळाली नाही. घराजवळच्या निन्टेंडो कंपनीत मात्र मिळाली. ही कंपनी १८८९ पासून ‘हानाफुदा’ हे फुलापानांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवीत होती. पत्ते बनविणारी यंत्रे नीट चालतात की नाही हे पाहणे एवढेच या नव्या अभियंत्याचे काम. यंत्रे फारशी बिघडत नसत आणि योकोई यांना रिकामे बसवत नसे. वेळ घालविण्यासाठी त्यांनी कात्रीसारख्या एकमेकींवर फुली मारणाऱ्या पट्ट्यांचा एक लांब होणारा पंजा तयार केला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात फेरी मारत असताना त्यांच्या नजरेला तो पडला. कचेरीत बोलावणे आले तेव्हा आता कानउघाडणी होणार, अशीच योकोई यांची समजूत झाली. प्रत्यक्षात त्यांना त्या पंजाचे खेळणे करण्याचा हुकूम मिळाला. १९६६ मध्ये बाजारात आलेला हा ‘अल्ट्रा हँड’ बारा लाखांहून अधिक खपला आणि यंत्रांचा देखभाल अभियंता खेळण्यांचा रचनाकार झाला.

त्यानंतरच्या काही वर्षांतील त्यांची खेळणी पाहिली, की या माणसाच्या बुद्धीचा कल ध्यानात येतो. १९६९ चा ‘लव्ह टेस्टर’ म्हणजे मुळात विजेचा क्षीण प्रवाह मोजणारे साधे उपकरण. एका तरुणाने आणि एका तरुणीने एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत यंत्राच्या दोन मुठी घ्यायच्या आणि काटा त्यांच्या प्रेमाचे माप दाखविणार! शास्त्र शाळेतल्या पुस्तकातले, पण त्या काळच्या जपानमध्ये हात धरण्याला मिळालेले हे निमित्त मोलाचे होते. १९७२ मध्ये रेडिओवर चालणारी मोटार आली. अशा मोटारी तेव्हा फार महाग असत. योकोई यांनी तिची वळण्याची यंत्रणा इतकी कमी केली, की मोटार फक्त डावीकडे वळे. गोल मैदानावर शर्यत लावायची तर उजवीकडे वळायची गरजच काय, असा तो विचार. किंमत एकदम आटोक्यात आली.

या विचारपद्धतीला योकोई यांनी पुढे एक सूत्र दिले. जपानी अभियंते ज्या तंत्राला ‘सुकलेले’ म्हणतात, ते टाकाऊ नसते. वर्षानुवर्षे वापरून त्याचे सारे दोष कळलेले असतात, ते भरपूर बनते आणि म्हणून स्वस्त असते. असे मुरलेले तंत्र घ्यावे आणि ज्या कामासाठी ते निर्माण झाले त्याच्या शेजारच्याच एखाद्या कामाला जुंपावे, हा त्यांचा आग्रह. शार्प कंपनीचे सौरघट घेऊन त्यांनी प्रकाशाच्या बंदुकीचा खेळ केला, तो असाच. याच कल्पनेचा मोठा अवतार म्हणजे १९७३ मधील ‘लेझर क्ले शूटिंग’. ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत तो उभारला जाऊ लागला, तोच तेलसंकट आले, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. ऊर्जेच्या टंचाईचा हा फटका योकोई यांनी अगदी जवळून पाहिला होता.

सत्तरीच्या दशकाअखेरीस एका प्रवासात, शिंकानसेन गाडीत, त्यांना कंटाळलेला एक नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबीत बसलेला दिसला. मोठ्या माणसालाही वेळ घालवायला काहीतरी हवे असते, पण चारचौघांत खेळणे काढायचा संकोच वाटतो, हे त्यांनी ओळखले. लवकरच अध्यक्षांचा चालक रजेवर असताना त्यांची विदेशी मोटार चालविण्याचे काम योकोई यांच्याकडे आले. डाव्या बाजूला चक्र असलेली गाडी चालविण्याची त्यांना सवय होती. वाटेत त्यांनी कॅल्क्युलेटरएवढ्या खेळाची कल्पना सहज बोलून दाखविली. यामाउची काहीच बोलले नाहीत. मात्र त्या दिवशीच्या बैठकीत त्यांच्या शेजारची खुर्ची शार्पच्या अध्यक्षांची होती. शार्प आणि कॅसिओ यांच्या किंमतयुद्धाने कॅल्क्युलेटरच्या चिप आणि काचपट्ट्या मातीमोल केल्या होत्या. शार्पलाही नवे गिऱ्हाईक हवेच होते.

अशा रीतीने एप्रिल १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ जन्माला आला. त्याच्या पडद्यावर चित्र ‘काढले’ जातच नव्हते. माणसाच्या, चेंडूच्या प्रत्येक संभाव्य जागेची आकृती द्रवस्फटिकाच्या काचेत आधीच कोरलेली असे. चिपचे काम एवढेच, की योग्य वेळी योग्य आकृती काळी करायची. घड्याळात बसणाऱ्या दोन छोट्या गोल बॅटऱ्यांवर हे यंत्र महिनोन् महिने चाले आणि खेळ थांबला की वेळ दाखवीत राही. अकरा वर्षांत निरनिराळ्या खेळांचे मिळून ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले. १९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ या खेळाची घडीची, दोन पडद्यांची आवृत्ती काढताना चार दिशा दाखविणारा दांडा खिशात मावेना. तेव्हा योकोई यांनी तो चपटा करून अधिक चिन्हाचे बटण बसविले. बोटाकडे न पाहता अंगठ्याला दिशा कळावी, हा त्यामागचा हेतू. त्यापूर्वी १९८१ मध्ये मूळ ‘डाँकी काँग’ शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराने योकोई यांच्याच देखरेखीखाली साकारला होता. मारिओचे जगप्रसिद्ध पात्र प्रथम त्यातच दिसले.

१९८३ मध्ये निन्टेंडोचा दूरचित्रवाणी संचाला जोडायचा ‘फॅमिकॉम’ आला आणि लोकांची नजर रंगीत, पळत्या चित्रांना सरावली. ‘गेम अँड वॉच’ची ओहोटी सुरू झाली. आता हातातल्या यंत्रातही खेळ बदलता यायला हवे होते आणि त्यासाठी कोरीव आकृत्यांऐवजी ठिपक्यांचा पडदा हवा होता. येथून खरा पेच सुरू झाला.

हा पेच समजून घ्यायला द्रवस्फटिकाचा स्वभाव जाणला पाहिजे. हा पदार्थ स्वतः प्रकाश देत नाही. पडलेला प्रकाश अडवणे किंवा सोडणे एवढेच तो करतो आणि त्यासाठी त्याला नगण्य वीज लागते. मागे चकचकीत पत्रा लावला, की खिडकीतून येणारे ऊन किंवा खोलीतला दिवाच पडदा उजळतो. तो उजेड फुकटचा. रंग हवा असेल तर मात्र प्रत्येक ठिपक्याचे तीन भाग करून त्यांवर लाल, हिरव्या, निळ्या काचा चढवाव्या लागतात. त्या काचा बहुतेक प्रकाश गिळून टाकतात. मग पडद्यामागे स्वतःचा दिवा आला. त्या काळी हा दिवा म्हणजे एक बारीक ट्यूबलाइटच असे आणि खेळातली चिप जेवढी वीज खाई, त्याच्या कितीतरी पट ही नळी एकटी पिई. रंग म्हणजे दिवा, दिवा म्हणजे जादा सेल, जादा सेल म्हणजे वजन, आणि शेवटी सेल विकत आणणाऱ्या पालकांच्या कपाळावर आठ्या. योकोई यांनी रंगावर काट मारली. फळ्यावर खडूने दोन वर्तुळे काढून हा बर्फाचा माणूस आहे असे सांगितले, की पाहणाऱ्याच्या मनात बर्फ आपोआप पांढरा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. खेळ जर चांगला असेल तर रंग मन भरून घेते.

पडद्याआडची काटकसरही तितकीच पाहण्यासारखी आहे. चिप जेवढी वेगाने चालवावी तेवढी ती वीज खाते आणि वेग गाठण्यासाठी दाब वाढवावा लागला, तर खर्च त्याहून झपाट्याने चढतो. ‘गेम बॉय’ हे नाव मिळालेल्या या यंत्रात शार्पने बनविलेली ८ बिटांची चिप होती. तिचा वेग अवघा ४.१९ मेगाहर्ट्झ, कामाची स्मृती ८ किलोबाइट आणि चित्रासाठी आणखी ८. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, म्हणजे २३,०४० ठिपके. प्रत्येकाच्या फक्त चार छटा. तरीही हे सारे ठिपके सेकंदाला साठ वेळा एकेक करून रंगवायचे म्हटले असते तर चिप दमली असती. त्याऐवजी चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरशांत तोडले होते. घरात लादी बसवावी तशा या फरशा पडद्यावर आडव्या २० आणि उभ्या १८ मांडल्या, की झाले. चिपने कोणत्या जागी कोणती फरशी, एवढ्या ३६० नोंदी ठेवायच्या. फरशांचे ठिपके पडद्यावर उतरविण्याचे कष्ट एक वेगळा ठरावीक मंडलभाग उपसे. धावणारी, उड्या मारणारी पात्रे त्यावर सुट्या तुकड्यांनी येत. एका वेळी असे ४० तुकडे आणि एका आडव्या ओळीत १०, ही त्यांची मर्यादा. याहून सुंदर गोष्ट म्हणजे चिपला झोपविण्याची आज्ञा. एका चित्राचे काम संपले, की पुढच्या चित्राचा इशारा येईपर्यंत चिपने स्वस्थ पडून राहावे. खेळ लिहिणाऱ्याने ही आज्ञा जिथे जिथे वापरली, तिथे सेल तेवढे अधिक टिकले. सेकंदाच्या साठाव्या भागात मिळणाऱ्या या डुलक्यांचा संपूर्ण यंत्राच्या खर्चावर फरक पडे. तो खर्च अवघ्या पाऊण वॅटच्या आत होता. घरातल्या झिरोच्या दिव्यालाही त्याच्या कितीतरी पट वीज लागते. २०२२ साली आलेल्या ‘स्टीम डेक’सारख्या बलाढ्य हातयंत्रात चित्रांचा वेग मुद्दाम कमी करून बॅटरी वाचविण्याची सोय दिली गेली, तिच्यामागचे गणित हेच.

मात्र सगळे श्रेय एकट्या योकोई यांच्या पदरी घालणे योग्य होणार नाही. त्यांच्या मनात प्रथम होते ते ‘गेम अँड वॉच’च्या धर्तीचे, स्वस्त, एखाददोन वर्षे चालेल असे खेळणे. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांना मात्र फॅमिकॉमसारखे, बाहेरच्या कंपन्यांनीही वर्षानुवर्षे खेळ लिहावेत असे सशक्त यंत्र हवे होते. दोघांचे कडाक्याचे वाद झाले. अखेर योकोई यांनी माघार घेतली आणि जबाबदारी मात्र आपल्या नावावर ठेवून ओकादांना मोकळीक दिली. काटकसरीच्या नादात योकोई कधीकधी गरजेपेक्षा जास्त छाटत, हे मान्य करायला हवे. ओकादांनी तेवढे वाचविले. कंपनीतल्या इतर विभागांचा तर या यंत्रावर विश्वासच नव्हता. त्याच्या ‘डीएमजी’ या सांकेतिक नावावरून ‘दामे गेम’, म्हणजे कुचकामी खेळ, असे त्याचे टोपणनाव पडले होते.

आणि हे टोपणनाव खरे ठरण्याची वेळ एकदा आलीही. विजेची बचत करण्यासाठी निवडलेला पडदा समोरून पाहिला तर ठीक दिसे. हात जरा तिरपा झाला की चित्र नाहीसे होई. कल्पना मान्य झाली होती, शार्पने उत्पादनासाठी मोठी गुंतवणूक केली होती, आणि नमुना हातात घेताच यामाउची यांनी यात काहीच दिसत नाही, तेव्हा हे काम बंद करावे, असा निर्णय ऐकविला. योकोई यांची अन्नावरची वासना उडाली. जिवाचे काही बरेवाईट करावे, इथपर्यंत मन गेल्याचे त्यांनी पुढे सांगून ठेवले आहे. शार्पच्या लोकांकडे तेव्हा द्रवस्फटिकाला अधिक पीळ देणारा नवा पडदा तयार होत आला होता. तो तिरपा धरला तरी वाचता येई. त्याला हिरवट-पिवळी झाक होती आणि वेगाने हलणाऱ्या चित्रामागे शेपटीसारखी सावली राही. पण दिवा लागत नव्हता. तोच पडदा घेतला गेला आणि गेम बॉय वाचला.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येनांना आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत सुमारे ९० डॉलरना तो विक्रीस आला. काही आठवड्यांतच अटारीचा ‘लिंक्स’ उतरला. रंगीत पडदा, मागे दिवा, चित्रे लहानमोठी करणारी वेगळी चिप, सारे काही. प्रतिस्पर्धी रंगीत आहे हे कळल्यावर योकोई यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, असे सांगतात. रंगीत म्हटल्यावर बॅटरीचे काय होणार, हे त्यांना ठाऊक होते. लिंक्सची किंमत सुमारे १८० डॉलर. त्यात सहा पेन्सिल सेल घालावे लागत आणि ते चार-पाच तासांत माना टाकीत. १९९० मध्ये सेगाने आणलेल्या ‘गेम गिअर’चीही तीच कथा. त्याचा पडदा ठिपक्यांच्या संख्येने गेम बॉयएवढाच, पण रंगीत आणि उजळ. भूक सहा सेलांची आणि दम तीन ते पाच तासांचा. गेम बॉय चार सेलांवर पंधरा-पंधरा तास आणि त्याहूनही अधिक चाले. दुकानात शेजारी ठेवले, तर कुणीही गेम गिअर उचलला असता. लांबच्या प्रवासात मोटारीच्या मागच्या आसनावर मात्र गोष्ट वेगळी होती.

सोबतीला ‘टेट्रिस’ मिळाला, हे योकोईंच्या हिशेबाचे नशीब म्हणावे लागेल. मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये रचलेला हा ठोकळ्यांचा खेळ अमेरिकेत गेम बॉयच्या खोक्यातच घालून दिला गेला. त्याला ना रंगांची गरज, ना वेगवान चित्रांची. सावलीची शेपटी त्यात दिसतच नसे. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे त्यात गुंतले. १९९३ मध्ये अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांनी आपला गेम बॉय टेट्रिससह ‘मीर’ स्थानकावरही नेला. भारतात तो फारच थोड्या घरांत पोहोचला. पण नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या बाजारांत ‘ब्रिक गेम’ नावाने मिळणारे करडे यंत्र ज्यांनी जत्रेतून किंवा गाडीवरून विकत घेतले, त्यांनी त्याच बिनदिव्याच्या, काटकसरी पडद्यावर तेच ठोकळे रचले आहेत.

पुढचे पाऊल मात्र चुकले. रंग टाळणारा हा माणूस आता खोलीचा आभास निर्माण करू पाहत होता. १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ हा तिवईवर ठेवून आत डोळे खुपसायचा खेळ. बोस्टनजवळच्या एका कंपनीचे तंत्र त्यात होते. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ लाल प्रकाशदीपांची एक उभी ओळ आणि तिचे प्रतिबिंब भराभर हलवून अख्खे चित्र भासविणारा आरसा. दीप लालच, कारण लाल स्वस्त, कमी विजेवर चालणारे आणि भरपूर मिळणारे होते. तेजस्वी निळे दीप नुकतेच प्रयोगशाळेतून बाहेर पडत होते. तर्क जुनाच होता. पण गेम बॉयवर रंगांची उणीव कुणाला जाणवली नाही. येथे काळ्याकुट्ट अंधारातल्या लाल रेषा डोळ्यांत खुपू लागल्या, डोकी दुखू लागली. शिवाय मान वाकवून, तोंड खुपसून खेळणाऱ्याचा खेळ शेजारच्याला दिसत नाही, आणि जे खेळणे दुसऱ्याला दिसत नाही त्याचा हेवा कुणी करीत नाही. जेमतेम पावणेआठ लाख नग गेले आणि वर्षाच्या आतच उत्पादन थांबले.

या अपयशामुळे त्यांना जावे लागले, असे सर्रास लिहिले जाते. योकोई यांनी ते नाकारले होते; पन्नाशीच्या आसपास स्वतःचे काही करायचे हे पूर्वीच ठरले होते, असे त्यांचे म्हणणे. जाण्यापूर्वी त्यांनी ‘गेम बॉय पॉकेट’ पुरा केला. तो अधिक लहान, पडद्याची सावली कमी, आणि चार पेन्सिल सेलांच्या जागी दोन बारीक सेल. जुलै १९९६ मध्ये तो बाजारात आला; त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या ‘पोकेमॉन’ खेळाने गेम बॉयला दुसरे आयुष्य दिले. ऑगस्टमध्ये योकोई निन्टेंडोतून बाहेर पडले. ३१ वर्षांची नोकरी संपली.

क्योटोतच त्यांनी ‘कोतो’ नावाची छोटी कंपनी काढली आणि बांदाई या खेळणी-कंपनीसाठी नवे हातयंत्र योजायला घेतले. अट स्वतःच घालून घेतलेली, आणि पूर्वीपेक्षा कडक: सेल फक्त एक. पडदा पुन्हा करडा, छटा आठ, चिप मात्र १६ बिटांची. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातल्या होकुरिकु द्रुतगती मार्गावर ते बसलेली मोटार पुढच्या ट्रकवर आदळली. नुकसान पाहण्यासाठी ते खाली उतरले आणि मागून आलेल्या मोटारीने त्यांना धडक दिली. वय अवघे ५६ होते.

ते यंत्र ‘वंडरस्वान’ या नावाने मार्च १९९९ मध्ये ४,८०० येनांना विक्रीस आले. एका पेन्सिल सेलवर ते तीसहून अधिक तास चाले. त्याच्यासोबतच्या कोड्याच्या खेळाला ‘गुनपे’ हे नाव देण्यात आले. निन्टेंडोनेही त्यांच्या पश्चात पडद्यामागे दिवा लावण्याची घाई केली नाही. ऑक्टोबर १९९८ चा ‘गेम बॉय कलर’ रंगीत झाला तो बाहेरच्या उजेडावरच, दोन सेलांच्या जोरावर. मूळ गेम बॉय आणि ही रंगीत आवृत्ती मिळून विक्री ११ कोटी ८६ लाखांवर गेली. २००३ मध्ये जगभरच्या खेळरचनाकारांच्या परिषदेने योकोई यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला. जगभर विकल्या गेलेल्या निन्टेंडोच्या हातयंत्रात स्वतःचा दिवा प्रथम आला तोही त्याच वर्षी, ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी’मध्ये. त्यात पेन्सिल सेल नव्हते. भिंतीतल्या विजेवर पुन्हा पुन्हा भरता येणारी लिथियम-आयन बॅटरी होती.